कंबर धरलीय, पण कुणी?

"मॅडम, नमस्कार. मी मूळची मिरजेची, वय ३४. नर्सिंगचा जीएनएम कोर्स करून तिथल्याच एका दवाखान्यात नऊ वर्षं नोकरी केली. इंग्रजीची आयईएलटीएस परीक्षा दुसऱ्या प्रयत्नात निघाली आणि गेल्या वर्षी यजमान आणि मुलीला घेऊन इंग्लंडला आले. उत्तरेकडच्या एका गावात मेडिकल वॉर्डला आहे. डॉक्टर बोलतात ते सगळं समजतं. पेशंट बोलतात ते समजत नाही. पहिल्याच आठवड्यात एक आजोबा म्हणाले, 'आय पास्ड आऊट धिस मॉर्निंग.' मी 'काँग्रॅच्युलेशन्स' म्हणायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात शेजारच्या सिस्टरने बीपीचं मशीन ओढत आणलं. परवा एक आजी म्हणाल्या, गुडघा 'प्लेइंग अप' आहे. मला वाटलं, खेळायला लागला म्हणजे बरा झाला! आता नेटवरून हजार फ्रेझल व्हर्ब्जची (टेकला ऑफ, पुटला ऑन असा बारका शब्द जोडून अर्थ बदलणाऱ्या क्रियापदांची) यादी उतरवून घेतली आहे आणि रोज वीस पाठ करते. टेकची झाली की पुटची विसरतात. माझी सात वर्षांची मुलगी घरात माझ्या चुका काढते. नऊ वर्षं नोकरी करून आज शिकाऊ पोरीसारखं वाटतं. काय करू? मला अहो-जाहो करू नका, तुमच्या विद्यार्थिनींच्या वयाची आहे. – एक सिस्टर"

प्रिय सिस्टर,

'काँग्रॅच्युलेशन्स'पाशी मी एवढ्यांदा हसले की आमचे हे पेपर बाजूला ठेवून काय झालं ते बघायला आले. मग माझी मलाच लाज वाटली. त्या क्षणी तुझ्या पोटात कसा खड्डा पडला असेल, ते ओळखायला नर्स असायला नको.

आधी त्या 'पास्ड आऊट'चा निकाल लावू. त्यात तुझा दोष नाही. 'मी अमुक सालची पास आऊट' हे आपल्याकडे कॉलेजच्या कट्ट्यापासून नोकरीच्या अर्जापर्यंत सगळीकडे चालतं आणि ते आपण हवेतून काढलेलं नाही. ब्रिटिश सैन्यात शिक्षण संपलं की पासिंग आऊट परेड होते, आपल्या खडकवासल्याला एनडीएतही होते. आपण ती परेड उचलली आणि इंजिनिअरिंगपासून डीएडपर्यंत सगळ्यांना लावली. तिकडे मात्र छावणीच्या बाहेर 'पास आऊट' म्हणजे शुद्ध हरपणं. आणि तुझ्या वॉर्डात तर 'पास'चं अख्खं गोकुळ नांदतंय. 'पास अवे' म्हणजे जाणं, आपण 'आजोबा गेले' म्हणतो तसं. 'पास वॉटर' म्हणजे लघवी होणं, 'पास विंड' म्हणजे वारा सरणं. आणि 'पास ऑन'चे दोन अर्थ: 'आय पास्ड इट ऑन' म्हणजे मी निरोप पोचवला आणि 'ही पास्ड ऑन' म्हणजे तो गृहस्थच पोचला. मधल्या एका 'इट'वर माणसाचा जीव अडकलेला.

आता तुझ्या यादीकडे येते. ती फाड. फाडवत नसेल तर कपाटावर टाक. टेकची चाळीस, मग पुटची चाळीस, मग गेटची साठ, अशी क्रियापदवार यादी हा या विषयाचा सगळ्यात वाईट रस्ता आहे आणि नोकरीच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत मी स्वतः तोच मुलांना दाखवला, हेही कबूल करते. एकाच वर्गात चार सारख्या चेहऱ्याची जुळी-तिळी बसवली तर मास्तरांना नावं लक्षात राहतील का? 'पुट ऑन, पुट ऑफ, पुट आऊट, पुट अप' एका कागदावर ओळीने लिहिलं की नेमकं तेच होतं. ती एकमेकांत गुंततात आणि परीक्षेत 'अप'च्या जागी 'ऑफ' येतं.

मग शिकायचं कसं? ते तू मिरजेत रोज बघत होतीस.

आठव. जत, कवठेमहांकाळकडून एखादी म्हातारी यायची आणि म्हणायची, "बाय, कंबर धरलीय." कुणी धरलीय? कशाला धरलीय? तुला प्रश्न पडला नाही, कारण तुझी आजीही तेच म्हणायची. पण केरळहून नुकत्या आलेल्या सिस्टरला पडायचा. "घसा बसलाय." बसला तर उठवायचा का? "अंग मोडून आलंय." फ्रॅक्चर? "पोट धरलंय, हातपाय गळालेत, जीव खालवर होतोय." आपल्या लोकांचं दुखणं ग्रंथातल्या मराठीत कधी येतच नाही. ते बसणं, उठणं, धरणं, सुटणं असल्या साध्यासुध्या क्रियापदांतून येतं आणि प्रत्येक ठिकाणी त्या क्रियापदाचा मूळ अर्थ सुटलेला असतो.

माझ्या आईला एकदा मिरजेत ठेवलं होतं, तेव्हा रात्रपाळीला अशीच एक मल्याळी सिस्टर असायची. मराठी अस्सल गावरान. मी विचारलं, कुठे शिकलात? तिने एप्रनच्या खिशातून तळहाताएवढी वही काढली. मल्याळी लिपीत ओळीच्या ओळी. त्यातली एक तिने वाचून दाखवली: "सिस्टर, पाय लई वळत्यात." खाली मल्याळीत काहीतरी होतं आणि एका कोपऱ्यात बारीक अक्षरात इंग्रजीत 'क्रॅम्प्स'. बाकी पान कोरं. व्याकरण नाही, 'वळणे'चे अकरा अर्थ नाहीत. एका बाईच्या तोंडचं एक वाक्य आणि तिला काय झालं होतं ते. बस.

तुला तीच वही करायची आहे.

पेशंट जे वाक्य बोलला ते तसंच्या तसं, अख्खं लिही. सुटं 'वेअर ऑफ' नको. 'द पेनकिलर्स वोर्न ऑफ' असं, घडलेलं. पेशंटचं नाव, खाट नंबर काही लिहायचं नाही, हे तुला सांगायला नको. खाली मराठी लिही, पण शब्दकोशातली नको. तुझी आजी काय म्हणाली असती ते लिही. 'वोर्न ऑफ'ला कोशात 'परिणाम क्षीण होणे' मिळेल. आजी म्हणेल, 'औषध उतरलं.' ताप उतरतो, नशा उतरते, तसं औषध उतरलं. एकदा हे बसलं की पुन्हा पाठ करावं लागत नाही. 'माय नीज प्लेइंग अप' म्हणजे 'गुडघा आज कुरकुरतोय'. 'आय केम ओव्हर ऑल फनी' हे तुला तिथल्या म्हाताऱ्या बायकांकडून हमखास ऐकू येईल. त्यात गंमत काही नाही. ते आपलं 'मला एकदम कसंतरीच झालं'. 'आयव्ह गॉन ऑफ माय फूड' म्हणजे अन्नावरची वासना उडाली. 'आय केम आऊट इन अ रॅश' म्हणजे अंगावर उठलं. बघ, इंग्रजीत पुरळ 'बाहेर' येतं, आपल्यात 'उठतं'. दोन्हीकडे कारण विचारायला जाऊ नये.

हे 'गो ऑफ' मात्र जरा थांबून बघ, कारण तुझ्या कामात ते धोक्याचं आहे. ऑफ म्हणजे बंद, हे आपल्या डोक्यात विजेच्या बटणाने पक्कं बसवलंय. पण कुणी ओरडलं, 'द पंप अलार्मज गॉन ऑफ', तर सलाईनच्या पंपाचा अलार्म बंद झालेला नाही, तो वाजायला लागलाय! पळ. उलट 'द मिल्कज गॉन ऑफ' म्हणजे दूध नासलं. तुला वाटेल, ही काय भाषा आहे की डोकेदुखी. मग आपलं 'सुटणं' घे. शाळा सुटली म्हणजे संपली. वारा सुटला म्हणजे सुरू झाला. गाडी सुटली म्हणजे गेली, तोंडाला पाणी सुटलं म्हणजे आलं. तुझी मुलगी उद्या विचारेल, "आई, सुटणं म्हणजे स्टार्ट की स्टॉप?" तेव्हा तू काय सांगणार आहेस? तिला वाऱ्याचं वाक्य आणि शाळेचं वाक्य, असं दोन्ही सांगशील. दुसरं काही सांगताच येत नाही.

असलीच दुसरी जोडी 'वोर्न ऑफ' आणि 'वोर्न आऊट'. पहिल्यात औषध उतरलंय, दुसऱ्यात माणूस गळून गेलाय. एकाला पुढचा डोस कधी ते बघायचं, दुसऱ्याला झोपू द्यायचं. आणि 'ही हॅज कम राऊंड' ऐकलंस तर दाराकडे बघू नकोस. कुणी भेटायला आलेलं असू शकतं, पण भुलीनंतरच्या पेशंटबद्दल बोलणं चाललं असेल तर तो शुद्धीवर आलाय.

तू एकटीच यात ठेचकाळतेस असं समजू नकोस. इंग्रजीचा मोठा कोशकार सॅम्युअल जॉन्सन याचा शब्दकोश १७५५ साली निघाला, म्हणजे पुण्यात नानासाहेब पेशवे होते तेव्हा. त्याच्या प्रस्तावनेतच त्याने लिहून ठेवलंय की क्रियापदामागे एखादा बारका शब्द जोडून आम्ही अर्थ बदलतो आणि परक्या माणसांना सगळ्यात जास्त अडचण इथेच येते. 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव तर फारच उशिरा रुळलं. लोगन पिअरसॉल स्मिथ या लेखकाने १९२५ साली ते छापील वापरात आणलं आणि ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी ते सुचवल्याचं नोंदवलं. तोवर नाव नसतानाही लोक ती बोलतच होते, आपण 'संयुक्त क्रियापद' हे नाव न ऐकता 'करून टाक, बोलून बस, ठेवून दे' म्हणत मोठे झालो तसं.

आणि तुला डॉक्टरांचं समजतं, पेशंटांचं नाही, यालाही कारण आहे. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढची दोन-तीनशे वर्षं दरबारात, कचेरीत फ्रेंच चालली. विद्वानांची भाषा लॅटिन होतीच. त्यातून इंग्रजीला एक माडी चढली: पोस्टपोन, टॉलरेट, एक्स्टिंग्विश, व्हॉमिट. खालच्या ओसरीवर मात्र लोक आपली जुनी क्रियापदं घेऊन बसले: पुट ऑफ, पुट अप विथ, पुट आऊट, थ्रो अप. आपण इंग्रजी शिकलो ती सगळी माडीवरची. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० साली आली. तू त्याआधी शाळेत गेलेली, म्हणजे पाचवीत एबीसीडी गिरवलेल्या शेवटच्या काही तुकड्यांतली. पुस्तकातून शिकलीस आणि पुढे नर्सिंगचे ग्रंथ वाचलेस, ते तर लॅटिन-ग्रीकच. तुझी इंग्रजी कच्ची नाही गं. ती माडीवर राहते आणि पेशंट ओसरीवर बसलेत. जिना उतरायचा आहे, एवढंच.

म्हणून माडीवरचे शब्द टाकूनही द्यायचे नाहीत. चार्टवर 'व्हॉमिटेड ट्वाइस' असंच लिही. तिथे 'थ्रू अप' नको. आणि पेशंट काय म्हणाला ते शंभर टक्के कळलं नसेल तर अंदाज करू नकोस, तुझ्या पक्क्या शब्दांत उलट विचार: 'व्हेन यू से पास्ड आऊट, डिड यू फेंट?' यात कमीपणा वाटून घेऊ नकोस. इंग्रज सिस्टरनाही दुसऱ्या प्रांतातल्या म्हाताऱ्याची बोली कळत नाही, त्याही विचारतात. खरा धोका आहे तो न कळता मान हलवण्यात. ती सवय आपल्या बायकांना फार असते, शाळेपासूनची.

मुलगी चुका काढते म्हणालीस. पैज लावते की तू 'टर्न ऑफ इट' म्हणतेस आणि ती 'टर्न इट ऑफ, आई' म्हणते. तिचं बरोबर आहे. 'टर्न ऑफ द टीव्ही' चालतं, 'टर्न द टीव्ही ऑफ'ही चालतं, पण इट, हिम, देम असली चिमुकली सर्वनामं मधेच बसतात. सगळ्यांच्या बाबतीत असं नाही: 'लुक आफ्टर हिम' तसंच राहतं, 'पुट अप विथ इट' तसंच राहतं. पण तुझ्या रोजच्या वाक्यांत मधे बसणारीच जास्त भेटतील: 'टेक इट ऑफ', 'पुट इट ऑन', 'फिल इट इन'. हा नियम वहीत लिहू नकोस. ती तीन वाक्यं शंभर वेळा मोठ्याने म्हण, कान आपोआप तयार होतो. आणि ती म्हणताना तिथली माणसं कशी जोडून टाकतात ते ऐक: 'टेकिटॉफ', 'पुटिटॉन', 'फिलिटिन'. तुला न कळणारे निम्मे शब्द नवे नसतीलच, फक्त एकमेकांना चिकटलेले असतील.

ऐकण्याबद्दल आणखी एक, कारण हे कुठल्या यादीत नसतं. 'चेकअप', 'फॉलोअप', 'बॅकअप' ही नामं आपण मराठीत कधीच घेतली आहेत. भाजीवाल्याची पिकअप गाडीसुद्धा त्यातलीच. नाम असलं की जोर पहिल्या तुकड्यावर. तेच क्रियापद झालं की जोर बहुधा शेवटच्या बारक्या शब्दावर जातो: आय थ्रू अप, इट वोर ऑफ. आपण मात्र क्रियापद पकडायला धावतो आणि शेपूट सुटतं. शेपूट पकड.

वेग किती? आठवड्याला पाच. तुझ्या रोजच्या वीसपुढे हे हास्यास्पद वाटेल, पण वर्षाला अडीचशे होतात आणि एका मेडिकल वॉर्डची बोली बहुतेक त्यात येते. पहिला महिना फक्त अंगाचं दुखणं घे: फ्लेअर अप, क्लिअर अप, गो डाऊन, कॉफ अप. मग ज्या सूचना तूच देतेस त्या: सिट अप, लाय बॅक, रोल ओव्हर. या तर करून दाखवतानाच बोलायच्या, हात आणि तोंड एकदम शिकतात. त्यात इंग्रज सिस्टरचं लाडकं 'पॉप' घालायला विसरू नकोस: 'पॉप युअर गाऊन ऑन फॉर मी', 'पॉप अप ऑन द बेड'. आपण 'जरा' म्हणतो ना, 'जरा बसा, जरा हात वर करा', तेच हे. अर्थ शून्य, माया भरपूर. शेवटी कामाचं बोलणं: रन आऊट, टॉप अप, सॉर्ट आऊट, हँड ओव्हर. यातली बरीच तुला येतच असतील.

दोन आपल्याकडच्या सवयी तेवढ्या सोड. 'कोप अप विथ' असं काही नसतं, नुसतं 'कोप विथ'. आणि 'डिस्कस अबाऊट'मधलं अबाऊट काढ. आपल्याकडे ही दोन्ही इतकी चालतात की मी स्वतः एका सभेत बोलून बसले आहे.

राहिली मुलगी. तिला मास्तरीण होऊ दे, तिला मजा येत असेल. रोज एक वाक्य तिच्याकडून घे आणि बदल्यात तिला एक मराठी दे. 'दूध उतू गेलं' ऐकून तिने 'कुठे गेलं?' असं विचारलं की तुम्ही दोघी बरोबरीत. पण तुझी इंग्रजी सुधारावी म्हणून घरात इंग्रजी सुरू करू नकोस. असा सल्ला तुला तिथे कुणीतरी देईलच. वॉर्डात बारा तास इंग्रजीच आहे, तेवढी पुरे. कंबर धरलीय असं तू तिला कधीतरी म्हणशील आणि तिला ते कळायला हवं.

वही कुठली घेशील, कशी घेशील, ते तुझं तू बघ. खिशात मावेल अशी घे म्हणजे झालं.

आणि हो, त्या आजोबांचं पुढे काय झालं ते पत्रात लिहायचं राहिलं. बीपी किती निघालं? कळव.

तुझी,
मॅडम